मॉर्गन मोटर कंपनी

मॉर्गन मोटर कंपनी ही इंग्लंडच्या वुस्टरशर परगण्यातील मॅल्व्हर्न लिंक येथे स्पोर्ट्स कार बांधणारी कंपनी आहे. हेन्री फ्रेडरिक स्टॅनली मॉर्गन (१८८१–१९५९) यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तिची सुरुवात केली. २०१९ पर्यंत कंपनीची सूत्रे मुख्यतः मॉर्गन कुटुंबाकडेच होती. ॲश वृक्षाच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने बसवलेला पत्रा, १९५० च्या दशकापासून फारसा न बदललेला बाह्याकार आणि गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार एकेक गाडी बांधण्याची पद्धत ही मॉर्गनची ओळख आहे. उत्पादनाच्या आकड्यांनी मोजल्यास मोटार उद्योगात या कंपनीला नगण्य म्हणावे लागेल. तथापि हस्तनिर्मित मोटार आणि तिच्याभोवती जमणारा मालकवर्ग यांचा अभ्यास करताना मॉर्गनचे उदाहरण टाळता येत नाही.

उगम

एच. एफ. एस. मॉर्गन हे हेरफर्डशरमधील स्टोक लेसी या खेड्याच्या धर्मोपदेशकाचे पुत्र. स्विंडन येथील ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केल्यानंतर त्यांनी मॅल्व्हर्न लिंक येथे गॅरेज सुरू केले. १९०९ मध्ये त्यांनी स्वतःच्या वापरासाठी एक हलकी तीनचाकी गाडी तयार केली. मॅल्व्हर्न कॉलेजमध्ये यंत्रविद्या शिकवणाऱ्या शिक्षकाने या कामी त्यांना साहाय्य केले व शाळेची कार्यशाळाही वापरू दिली. विद्यालयाच्या कार्यशाळेत जन्मलेली आणि शतकाहून अधिक काळ टिकलेली अशी दुसरी मोटार सहसा आढळत नाही.

पुढे दोन चाके, मागे एक चाक आणि सर्वांत पुढे दोन सिलिंडरचे मोटारसायकलचे इंजिन अशी या गाडीची रचना होती. तिचे खरे वैशिष्ट्य पुढच्या चाकांच्या जोडणीत होते. प्रत्येक चाकाचा आस एका उभ्या खांबावर स्प्रिंगच्या आधाराने वरखाली सरकत असे. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला धक्का बसत नसे. मॉर्गन यांनी या रचनेचे एकस्व घेतले. हे तत्त्व कंपनीच्या गाड्यांत अनेक सुधारणांसह २०२० पर्यंत वापरात राहिले. एकाच तत्त्वाची पुढची जोडणी एकशे दहा वर्षे वापरणारी दुसरी कंपनी दाखवणे कठीण आहे.

नोव्हेंबर १९१० मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात गाडी मांडली गेली. ती एकाच माणसाला बसता येईल अशी असल्याने मागणी बेताचीच आली. पुढच्या वर्षी दोन आसनांची गाडी निघाली आणि तिला लंडनमधील हॅरॉड्स या प्रसिद्ध दुकानाच्या दर्शनी खिडकीत स्थान मिळाले. १९१२ मध्ये मर्यादित कंपनी स्थापन झाली. मॉर्गन यांचे वडील तिचे अध्यक्ष झाले. व्यवसायाच्या आरंभी भांडवलाचा आधारही त्यांचाच होता.

हलक्या तीनचाकी गाडीवर मोटारसायकलइतकाच कर पडत असल्याने ती मध्यमवर्गीयांना परवडत असे. शर्यतींनी तिची कीर्ती वाढवली. १९१३ मध्ये फ्रान्समधील आमिआँ येथे सायकलकार गाड्यांच्या ग्रां प्री शर्यतीत मॉर्गन पहिली आली. पुढे तीनचाकी गाडी ही मोटार नव्हे, साइडकार जोडलेली मोटारसायकल होय, असे ठरवून फ्रेंच आयोजकांनी विजयाचा मान दुसऱ्या क्रमांकावरील चारचाकीला दिला. कंपनीने मात्र आपल्या पुढच्या नमुन्याचे नाव ‘ग्रां प्री’ असेच ठेवले. फ्रान्समध्ये दार्मों या कंपनीने परवाना घेऊन याच गाड्या बांधल्या.

चारचाकी गाड्या

१९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन ही स्वस्त, छोटी पण पूर्ण चारचाकी मोटार बाजारात आली आणि सायकलकार बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या पुढील काही वर्षांत बंद पडल्या. मॉर्गन तगली. तीनचाकी गाड्यांचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत चालू राहिले. दरम्यान १९३६ मध्ये चार सिलिंडर व चार चाके असलेली ‘फोर-फोर’ ही गाडी आली. तिच्या नावाचा अर्थही तेवढाच आहे. १९५० मध्ये अधिक शक्तिशाली ‘प्लस फोर’ आली. तिचे इंजिन स्टँडर्ड या कंपनीचे होते. त्याच सुमारास स्टँडर्डचे प्रमुख सर जॉन ब्लॅक यांनी मॉर्गन विकत घेण्याची तयारी दाखवली, परंतु कुटुंबाने नकार दिला. इंजिने बाहेरून घ्यायची आणि गाडी स्वतः बांधायची हे कंपनीचे धोरण पहिल्यापासूनच होते. जॅप, मॅचलेस, कॉव्हेंट्री क्लायमॅक्स, फोर्ड, ट्रायम्फ, रोव्हर आणि अलीकडे बीएमडब्ल्यू अशी ही नामावली आहे.

१९५० च्या दशकाच्या मध्यास पुढची सपाट जाळी जाऊन वळणदार जाळी आली. आज ‘मॉर्गनचा चेहरा’ म्हणून जो ओळखला जातो तो तेव्हाचा. या चेहऱ्याला हात लावल्यास काय होते याचा अनुभव कंपनीने लवकरच घेतला. १९६३ मध्ये फायबरग्लासचे बंद छप्पर असलेली ‘प्लस फोर प्लस’ ही आधुनिक घाटाची गाडी सादर झाली. जुन्या गिऱ्हाइकांनी तिच्याकडे पाठ फिरवली, नवीन गिऱ्हाईक आले नाही आणि चार वर्षांत अवघ्या २६ गाड्या बांधून ती बंद करण्यात आली. आज संग्राहक नेमक्या त्याच गाडीच्या शोधात असतात, हा भाग निराळा.

१९६२ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत क्रिस लॉरेन्स व रिचर्ड शेफर्ड-बॅरन यांनी ‘टीओके २५८’ या क्रमांकाची प्लस फोर चालवून दोन लिटरपर्यंतच्या गटात पहिला क्रमांक मिळवला. सरासरी वेग ताशी सुमारे १५० किलोमीटर होता. आदल्या वर्षी तांत्रिक तपासणीतच ही गाडी बाद झाली होती. ती फार जुनाट दिसत असल्याने परीक्षकांनी परत पाठवली, असे मॉर्गनचे चाहते आजही रंगवून सांगतात.

१९६८ मध्ये रोव्हरचे साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन बसवून ‘प्लस एट’ आली आणि २००४ पर्यंत बनत राहिली. या छत्तीस वर्षांत ब्रिटिश स्पोर्ट्स कारची मोठी घराणी एकेक करून अस्तंगत झाली. ऑस्टिन-हीली गेली, एमजीचा ॲबिंग्डन येथील कारखाना १९८० मध्ये बंद पडला, पाठोपाठ ट्रायम्फच्या स्पोर्ट्स कारही संपल्या. या कंपन्यांचे उत्पादन मॉर्गनच्या कितीतरी पट होते.

बांधणी

मॉर्गनची चॅसिस लाकडाची असते हा सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. चॅसिस पूर्वी पोलादाची होती व आता ॲल्युमिनियमची आहे. लाकडाचा असतो तो चॅसिसवर उभारलेला बॉडीचा सांगाडा. ट्रकच्या किंवा एस.टी.च्या संदर्भात आपल्याकडे ‘चॅसिसवर बॉडी बांधणे’ असे म्हणतात, त्याच अर्थाने मॉर्गनची बॉडी बांधली जाते. दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपातील बहुसंख्य मोटारी अशाच होत्या. अखंड पोलादी पत्र्याची बॉडी दाबयंत्रात घडवण्याचे तंत्र आल्यावर इतरांनी लाकूड सोडले. दाबयंत्र व त्याचे साचे घेण्यासाठी जितक्या गाड्या खपाव्या लागतात तितक्या मॉर्गनच्या कधीच खपत नव्हत्या. परंपरेचा अभिमान नंतरचा, मूळ कारण हिशेबाचे होते.

ॲशचे लाकूड चिवट, लवचिक व धक्का सोसणारे असते. क्रिकेटच्या यष्ट्या आणि हत्यारांचे दांडे याच लाकडाचे करतात. सुतारशाळेत दाराची चौकट, मागचा भाग, चाकांवरील कमानी असे तुकडे वेगवेगळे घडवून, खाचांत बसवून व चिकटवून जोडले जातात. मागच्या चाकावरची कमान एका अखंड लाकडाची नसते. ॲशच्या पातळ पट्ट्यांना सरस लावून त्या एकावर एक ठेवतात, वक्र साच्यात शिकंज्यांनी आवळतात आणि वाळू देतात. मग रंध्याने व कानशीने तिला आकार येतो.

नंतर पत्र्याचे काम. बॉनेट हा या गाडीचा सर्वांत लांब व सर्वांत कठीण भाग होय. लाकडी सांगाडा हाताने घडवलेला असल्याने दोन गाड्यांत थोडाफार फरक राहतोच. म्हणून बॉनेटचा पत्रा त्या त्या गाडीवर धरून, कापून व ठोकून बसवला जातो. त्यावरील हवेच्या झडपांच्या लांब रांगा एकेक करून पाडल्या जातात. एका मॉर्गनचे बॉनेट दुसरीला चपखल बसेल याची खात्री नसते. दुरुस्ती करणाऱ्याला ही मोठी अडचण वाटते, तर मालकाला याच गोष्टीचे अप्रूप असते.

सर्वच काम हाताने होते असेही समजू नये. पुढची वळणदार मडगार्डे पूर्वी अनेक तुकड्यांची असत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ॲल्युमिनियमचा पत्रा तापवून, हवेच्या दाबाने साच्यावर फुगवून ती एकसंध घडवली जातात. त्यामुळे सांध्यांत पाणी मुरून गंजण्याची जुनी तक्रार पुष्कळ कमी झाली.

पिकर्स्ली रोडवरील कारखाना म्हणजे उतारावर बांधलेल्या विटांच्या बैठ्या शेडची रांग आहे. अर्धवट बांधलेली गाडी एका शेडमधून दुसरीत हाताने ढकलत नेण्याची येथील रीत जगप्रसिद्ध झाली. रंग, चामडे, चामड्यावरील शिवण, टपाचे कापड, चाकांचा प्रकार हे सारे गिऱ्हाईक ठरवते. आपली गाडी कोणत्या शेडपर्यंत आली हे पाहण्यासाठी मालक कारखान्यात येतात, सुतारांशी बोलतात, छायाचित्रे काढतात. मालक आणि कारागीर यांची अशी समोरासमोर भेट मोटार उद्योगात फार थोड्या ठिकाणी घडते. मॉर्गनच्या आकर्षणाचे मूळ बहुधा येथेच शोधावे लागेल.

या गाडीचे दोषही तितकेच प्रसिद्ध आहेत. पोलादी चॅसिसच्या गाड्यांची बसकण अतिशय कडक असते आणि रस्त्यावरचा प्रत्येक खाचखळगा पाठीला कळतो. टप लावूनही पावसाचे पाणी आत येते. पुढचे सरकते खांब कोरडे पडू नयेत म्हणून चालकाच्या पायाशी एक बटण दिलेले असे. ते ठरावीक अंतरानंतर दाबले की इंजिनातील तेल खांबांपर्यंत पोहोचत असे. विसराळू चालकाची पुढची जोडणी लवकर झिजे. जुन्या गाड्यांत लाकूड कुजण्याची भीती सर्वांत मोठी. सुतारकामातील कीड व कुजप्रतिबंधक द्रावणात संपूर्ण सांगाडा बुडवून काढण्याची पद्धत नंतर आली. त्यापूर्वीच्या गाड्या घेताना जाणकार प्रथम दाराचे खांब व तळपट्ट्या तपासतात.

१९९० चा वाद

संस्थापकांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र पीटर मॉर्गन (१९१९–२००३) यांनी कंपनी चालवली. १९९० मध्ये बीबीसीच्या ‘ट्रबलशूटर’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी सर जॉन हार्वे-जोन्स यांनी कारखान्याला भेट दिली. आयसीआय या बलाढ्य रसायन कंपनीचे ते माजी अध्यक्ष होते आणि अडचणीतील उद्योगांना सल्ला देणे हा मालिकेचा विषय होता. मॉर्गन अडचणीत नव्हती, ही यातील गमतीची बाब. तेव्हा आठवड्याला जेमतेम नऊ-दहा गाड्या बाहेर पडत आणि नव्या गाडीसाठी कित्येक वर्षे, काही देशांत दहा वर्षांपर्यंत, थांबावे लागे.

हार्वे-जोन्स यांना कारखान्यातील हातगाडीची गती, जागोजागी पडून राहिलेल्या अपूर्ण गाड्या आणि जुनी यंत्रे पटली नाहीत. उत्पादन लक्षणीय वाढवावे, किंमत चढवून प्रतीक्षायादी आटोक्यात आणावी आणि मिळालेल्या पैशातून कारखाना आधुनिक करावा असा त्यांचा सल्ला होता. अन्यथा कंपनीचे भवितव्य धोक्यात आहे, असे त्यांचे निदान होते. पीटर मॉर्गन आणि त्यांचे पुत्र चार्ल्स यांनी तो सल्ला स्वीकारला नाही. प्रतीक्षायादी हा त्यांच्या मते दोष नव्हता, मंदीच्या काळात कामगारांना काम पुरवणारी ती ठेव होती.

कार्यक्रम प्रसारित झाल्यावर प्रेक्षकांची सहानुभूती मोठ्या प्रमाणात कंपनीकडे झुकली. कारखान्यात पत्रांचा ओघ सुरू झाला आणि मागणी घटण्याऐवजी वाढली. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत हे प्रकरण पुढे उदाहरण म्हणून शिकवले जाऊ लागले. त्यात बहुधा कुटुंबाचा विजय झाला असे चित्र रंगवले जाते. ते अर्धवट आहे. प्रतीक्षा इतकी लांब असल्याने जुनी मॉर्गन नव्याच्या जवळपास किमतीला विकली जाई. म्हणजे गिऱ्हाईक अधिक पैसे मोजायला तयार होते आणि तो पैसा कारागिराच्या पगारात न जाता मधल्या विक्रेत्याच्या खिशात पडत होता. हार्वे-जोन्स यांचा हा मुद्दा बिनतोड होता. दुसरीकडे, मॉर्गन विकत घेणारा माणूस नेमके काय विकत घेतो हे त्यांना उमगले नाही. पुढील दशकात कंपनीने गाजावाजा न करता रंगशाळा सुधारली, कामाची मांडणी बदलली, उत्पादन हळूहळू वाढवले आणि प्रतीक्षा कमी केली. नाकारलेला सल्ला निम्मा अमलात आला, मात्र कंपनीच्या स्वतःच्या चालीने.

अलीकडचा काळ

२००० मध्ये जिनिव्हा प्रदर्शनात आलेल्या ‘एरो एट’ या गाडीत चिकटवलेल्या ॲल्युमिनियमची चॅसिस आणि बीएमडब्ल्यूचे इंजिन होते. लाकडी सांगाडा कायम होता. तिचे पुढचे दिवे तिरळे दिसतात अशी टीका झाली व ते नंतर बदलण्यात आले. २०११ मध्ये तीनचाकी गाडीचे पुनरागमन झाले. २०१३ मध्ये अंतर्गत मतभेदांनंतर चार्ल्स मॉर्गन कंपनीच्या कारभारातून बाहेर पडले. २०१९ मध्ये इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या इटालियन गुंतवणूक संस्थेने बहुसंख्य भाग विकत घेतले. कुटुंबाकडे अल्प हिस्सा राहिला व कामगारांनाही भाग देण्यात आले. १९३६ पासूनची पोलादी चॅसिस २०२० मध्ये बंद झाली. अखेरच्या गाड्यांतील वीस विशेष गाड्यांची चॅसिस सोनेरी रंगवण्यात आली होती. ‘प्लस फोर’ व ‘प्लस सिक्स’ या अलीकडच्या गाड्या ॲल्युमिनियमच्या चॅसिसवर बांधलेल्या असून बॉडीचा सांगाडा आजही ॲशचाच आहे. २०१२ पासून ब्रिटनमध्ये ॲशच्या झाडांना बुरशीजन्य रोगाने ग्रासले आहे, ही या परंपरेपुढील नवी चिंता होय.

मालक आणि त्यांच्या संघटना

तीनचाकी मॉर्गनच्या मालकांचा क्लब १९४५ मध्ये आणि चारचाकी गाड्यांचा ‘मॉर्गन फोर-फोर क्लब’ १९५१ मध्ये स्थापन झाला. दुसऱ्या संस्थेचे नाव पुढे ‘मॉर्गन स्पोर्ट्स कार क्लब’ असे झाले. ‘मिसेलनी’ हे तिचे मासिक आहे. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांतही स्वतंत्र क्लब आहेत. मालक आपसांत गाडीला लाडाने ‘मॉग’ म्हणतात आणि रस्त्यात समोरून दुसरी मॉग आली तर हात वर करून अभिवादन करतात.

या संघटनांचे काम सहली व शर्यतींपुरते मर्यादित नाही. तीनचाकी गाड्या बंद झाल्यावर त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा मालकांनीच ते नव्याने घडवून घेण्याची व्यवस्था उभारली. कुजलेली कमान कशी काढावी, सरकत्या खांबाची बुशिंगे कशी बदलावीत, याचे ज्ञान अनुभवी सभासदांकडून नव्यांना मिळते. छापील पुस्तिकेत नसलेल्या अनेक गोष्टी अशाच टिकल्या आहेत. कारखान्याने प्रत्येक चॅसिस क्रमांकाची नोंदवही जपून ठेवली आहे. गाडी कोणत्या दिवशी बाहेर पडली, इंजिन कोणते होते, मूळ रंग कोणता, कोणत्या विक्रेत्याकडे गेली हे तीवरून कळते. जुनी मॉर्गन घेणारा मनुष्य सहसा प्रथम हा उतारा मागवतो.

मालकांच्या चिकाटीचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९७० च्या दशकारंभी धूरनियंत्रणाच्या नव्या नियमांमुळे मॉर्गनची तेथील आयात थांबली. इतक्या थोड्या गाड्यांसाठी इंजिनाच्या चाचण्यांचा खर्च कंपनीला पेलणारा नव्हता. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोमधील एका विक्रेत्याने गाड्या पेट्रोलऐवजी प्रोपेन वायूवर चालतील असे बदल करून, नियमांत बसवून त्या विकायला प्रारंभ केला. ही व्यवस्था बरीच वर्षे चालली. टाकी वायूची, भरणा केंद्रे विरळ, आणि तरीही गिऱ्हाईक येत राहिले.

मालकवर्गात मतभेदही आहेत. ‘एरो एट’ आली तेव्हा ती खरी मॉर्गन नव्हे असे म्हणणारे अनेक होते आणि पोलादी चॅसिस बंद झाल्यावर तोच सूर पुन्हा उमटला. सरकत्या खांबाशिवाय मॉर्गन कसली, असा एका बाजूचा प्रश्न असतो. दुसरी बाजू स्मरण करून देते की १९३६ मध्ये चौथे चाक लावले तेव्हाही तीनचाकीवाल्यांनी नाके मुरडलीच होती. हा वर्ग सधन आहे हेही नमूद केले पाहिजे. एके काळी मोटारसायकलच्या करात बसणारी, कारकुनाला परवडणारी गाडी आता हौसेची व खर्चाची वस्तू झाली आहे. जुन्या तीनचाकी गाड्याही त्याला अपवाद नाहीत.

लाकडी सांगाड्याची गाडी पूर्णपणे खोलून पुन्हा बांधता येते. पत्रा काढायचा, कुजलेले लाकूड बदलायचे, नवा पत्रा चढवायचा. यामुळे अपघातात मोडलेल्या किंवा अनेक वर्षे गोठ्यात पडून राहिलेल्या गाड्याही परत रस्त्यावर आलेल्या दिसतात. ल माँची विजेती टीओके २५८ हीसुद्धा अशाच पुनर्बांधणीनंतर जुन्या गाड्यांच्या शर्यतींत उतरली आहे.